पाच लाइन, पाचही भरलेल्या

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं वायफाय मी सिडकोतल्या घरी बसून सांभाळतो. एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) आत शिरायचं, काम करायचं, बाहेर पडायचं. यात सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवशी मात्र वायरलेस कंट्रोलर, म्हणजे सगळं वायफाय चालवणारं यंत्र, मला दारातच उभा करेना. पिंग व्यवस्थित, म्हणजे हाक मारली की यंत्र ओ देतंय, गोदामातले बारकोड स्कॅनर चालू, आणि लॉगिनला 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

कारण सरळ होतं. रिमोट लॉगिनसाठी त्यावर ० ते ४ अशा पाचच व्हीटीवाय लाइन, म्हणजे एका वेळी पाचच जण आत. लॅपटॉप झोपला किंवा मोबाइलचं नेट मध्येच गेलं, की सेशन संपल्याचा निरोप कंट्रोलरला मिळतच नाही. तो बिचारा लाइन धरून बसतो. मूळ सेटिंगप्रमाणे १० मिनिटं काही टाइप झालं नाही तर तो स्वतःच लाइन सोडतो, पण आधीच्या कंत्राटदाराने सेटिंगमध्ये 'एक्झेक-टाइमआउट ० ०' लिहून ठेवलेलं. म्हणजे कधीच सोडू नको. ब्राउझरमधून लॉगिन करायचं वेब पेजही त्यानेच बंद केलेलं. उरला कन्सोल पोर्ट, म्हणजे यंत्राला थेट केबल लावायची जागा, तोही रॅकमध्ये (यंत्रांच्या कपाटात), कुलपात.

"रीस्टार्ट मारा ना," असं सगळेच म्हणतात. त्यात स्कॅनर बंद पडून ट्रक खोळंबले असते, ते कोण निस्तरणार?

म्हणून स्वतःच कारखान्यात गेलो. तर आधी गेट. लॅपटॉप आत न्यायचा तर गेट पास हवा, पासवर अ‍ॅडमिनच्या साहेबांची सही हवी, साहेब मीटिंगमध्ये. सिक्युरिटीवाले काका सज्जन, "बसा ना, येतीलच," म्हणत राहिले. मीटिंग संपली तर जेवणाची सुट्टी. सही झाली तर रॅकची किल्ली स्टोअरमध्ये, आणि स्टोअरवाल्याला किल्ली द्यायला वेगळा फॉर्म हवा. त्या फॉर्मवर 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. मी 'लाइन मोकळी करणे' लिहिलं, तर त्याने मला टेलिफोनवाला समजून दुसऱ्याच खोलीकडे पिटाळलं. डोकं इतकं फिरलं की चहाही नको म्हणालो.

आत पोचल्यावर काम चुटकीसरशी झालं. कन्सोल केबल लावली, वेग ९६०० बॉड ठेवला आणि कोण लॉगिन आहे ते दाखवणारी 'शो युजर्स' ही कमांड दिली. पाचही लाइन कित्येक दिवस आयडल, म्हणजे नुसत्या अडवलेल्या. 'क्लियर लाइन व्हीटीवाय ०' पासून एकेक मोकळी केली. हेच रिमोटवरून करणार असाल तर आधी ताराचिन्ह (*) बघा: ज्या ओळीपुढे ते असतं ते तुमचं स्वतःचं सेशन. मग टाइमआउट १० मिनिटांवर आणला, 'सर्व्हिस टीसीपी-कीपअलाइव्ह्ज-इन' चालू केलं (पलीकडचं टोक अजून आहे का ते यंत्र तपासत राहतं) आणि शेवटची लाइन अ‍ॅक्सेस लिस्ट (कुणाला आत घ्यायचं त्याची यादी) लावून फक्त माझ्या व्हीपीएनच्या, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणीच्या, पत्त्यासाठी राखली. टेलनेट ही लॉगिनची जुनी पद्धत चालू होती, तीही बंद. त्यात पासवर्ड उघडा जातो.

हो, आणि एक राहिलंच. दुरून यंत्राचा आयपी पत्ता किंवा व्हीलॅन (नेटवर्कचे आतले वेगळे भाग) बदलण्याआधी चालू कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, सेव्ह करून 'रीलोड इन १०' (१० मिनिटांनी रीस्टार्ट हो) द्या. नवा बदल मात्र लगेच सेव्ह करू नका. बाहेर फेकले गेलात तर १० मिनिटांनी यंत्र जुन्या सेटिंगवर उठतं. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' विसरू नका. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर यासाठी सेफ मोड आहे, कंट्रोल-एक्स दाबा.

कन्सोल पोर्टला लॅपटॉप जोडायची यूएसबी-सिरियल केबल बॅगेतच ठेवा, आणि गेट पासवर तिचीही नोंद करून घ्या. माझ्या पासवर फक्त लॅपटॉप लिहिला होता, म्हणून बाहेर पडताना केबलसाठी पुन्हा साहेबांची सही.