थंड टाकीत दडलेला लोण्याचा वास: नागपुरातली एक डॉपेलबॉक

फेब्रुवारी संपत आला की नागपुरात दुपारी रस्त्यावर उभं राहवत नाही. नेमक्या याच दिवसांत म्युनिकमध्ये डॉपेलबॉकचा हंगाम सुरू होतो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात तिथले पाउलानर मठातले साधू ही जड बियर पीत. त्यांच्या मठातल्या बियरचा उल्लेख 1634 पासून सापडतो. त्यांच्या बियरचं नाव साल्व्हाटोर होतं, म्हणून आजही बहुतेक डॉपेलबॉकची नावं ‘आटोर’वर संपतात. तो हंगाम धरून वर्धा रोडवरच्या एका ब्रूपबनं (स्वतःची बियर बनवणाऱ्या पबनं) 500 लिटर डॉपेलबॉक घातली होती. टॅपला लावण्याआधी चव तपासायला मला बोलावलं. संध्याकाळी पहिला ग्लास ओतायचा, असं ठरलेलं होतं.

डॉपेलबॉक म्हणजे काय, ते आकड्यांतच सांगितलेलं बरं. आंबवण्याआधीच्या वर्टमध्ये, म्हणजे धान्याच्या गोड काढ्यात, किमान 18 अंश प्लेटो, म्हणजे वजनानं 18 टक्के विरघळलेला अर्क लागतो. रोजची फिकट लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बियर, 11-12 वर असते. या टाकीचा वर्ट 18.5 होता. आपल्या नियमांत स्ट्राँग बियरची मर्यादा 8 टक्के अल्कोहोल आहे, त्यामुळे साडेसातवर थांबेल असं गणित इथे घालावं लागतं. कडवटपणा 20 ते 24 आयबीयू (कडवटपणाचं माप) पुरतो, कारण हॉप्सनं, म्हणजे कडवट फुलांनी, फक्त गोडवा आवरायचा असतो. सगळा भार म्युनिक माल्टवर, म्हणजे मोड आणून जरा जास्त भाजलेल्या जवावर.

ब्रूअरनं पाककृती मनापासून केली होती. 142 किलो माल्ट, त्यात पाऊण हिस्सा म्युनिक, बाकीचं बहुतेक फिकट पिल्सनर, थोडं कॅरॅमलसारखं गोड कॅराम्युनिक आणि रंगापुरतं एक टक्का साल काढलेलं काळं माल्ट. मॅश, म्हणजे दळलेलं माल्ट आणि गरम पाणी, 63 अंश सेल्सिअसवर, मग एक तृतीयांश घट्ट भाग वेगळ्या भांड्यात काढून पंधरा मिनिटं उकळायचा आणि परत ओतून सगळं 72 वर न्यायचं. ही डिकॉक्शन पद्धत. उकळताना तो भाग सतत हलवावा लागतो, नाहीतर तळाला लागतो आणि जळका कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. इथे तसं काही झालं नव्हतं. पुढे 2 तास उकळ आणि हालरटाउ हॉप्स. यीस्ट डब्ल्यू-34/70 हे कोरडं लागर यीस्ट, आंबवण 10 अंशांवर.

चव सकाळी अकराला घ्यायची ठरली, कारण जेवणानंतर जीभ मंदावते. टेबलावरच्या सगळ्यांना तर्री-पोहे, बडीशेप, सुपारी आणि अत्तर त्या सकाळपुरतं बंद होतं. दोन घोटांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. सॅम्पल व्हॉल्व्हवर 70 टक्के अल्कोहोल फवारलं, पहिली 200 मिली बियर सोडून दिली आणि मग नमुना घेतला. व्हॉल्व्हच्या नळीत अडकून राहिलेली बियर टाकीबद्दल काहीच खरं सांगत नाही.

टाकी 1 अंशावर होती. त्या तापमानाला वास बाहेरच येत नाही, म्हणून ग्लास हातात धरून 10-12 अंशांपर्यंत येऊ दिला. उजेडासमोर धरला तर काळसर तपकिरी आणि कडेला लालसर. फेस बारीक, फिकट तांबूस, टिकणारा. वरून तळहात झाकून, थोडं फिरवून, दोन-तीन छोटे हुंगे घेतले. एकच लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावतं. भाजलेल्या पावाची कड, खजूर, मनुका, मागे किंचित काळ्या गुळाचा वास. तोंडात भरलेली, घशाला न जाळणारी. टेबलावर सगळे खूश होते आणि त्यात चूक काही नव्हतं. चांगल्या माल्टवर घेतलेली मेहनत त्या घोटात स्पष्ट जाणवत होती.

मला दोन गोष्टी अडल्या. घोट गिळल्यावर टाळूवर आणि दातांच्या मागे एक निसरडा थर राहत होता. माल्टचा गोडवा जिभेवर राहतो, असा निसरडेपणा देत नाही. दुसरी गोष्ट हायड्रोमीटरची, म्हणजे उरलेला अर्क मोजणाऱ्या काचनळीची. नमुना ढवळून वायू काढला, 20 अंशांवर आणला, तर वाचन 5.6 प्लेटो. नोंदवहीत आधीच्या पानावर मर्यादा-चाचणीचा आकडा लिहिलेला होता: 4.8. यीस्ट घालताना थोडा वर्ट बाजूला काढून, त्यात भरपूर यीस्ट टाकून, 25 अंशांवर ठेवायचा आणि मधूनमधून हलवायचा. हा वर्ट जास्तीत जास्त कुठपर्यंत आंबू शकतो, ते त्यातून दोन-तीन दिवसांत कळतं. टाकी त्या आकड्याच्या 0.8 वर थांबली होती आणि त्याच अवस्थेत थंड केली गेली होती.

मग गरम पाण्याची चाचणी केली. काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत 150 मिली बियर, तोंडाला ॲल्युमिनियमची फॉइल. एक फ्रीजमध्ये, दुसरी 65 अंशांच्या पाण्यात 25 मिनिटं. पाणी थंड होत जातं, म्हणून थर्मामीटर ठेवून अधूनमधून गरम पाणी घालावं लागतं. नंतर दोन्ही बरण्या एकाच तापमानावर आणायच्या. हे विसरलं तर तुलना फुकट जाते, कारण गरम बियरला जास्त वास येणारच. शिवाय नमुन्यात यीस्ट तरंगत असेल तर ते गरम होता होता काही वास खाऊन टाकतं, म्हणून वरचा नितळ भागच घ्यायचा.

बरण्या कोणत्या ते न सांगता तीन ग्लासांत ओतल्या: दोन थंड बरणीचे, एक गरम केलेल्याचा. वेगळा ग्लास कोणता, ते शोधायचं. पाचपैकी चौघांनी तो बरोबर शोधला. एकाला फरकच कळला नाही, आणि त्यात वावगं काही नाही. या वासाची जाण माणसागणिक फार वेगळी असते, म्हणून टाकीचा निकाल एका नाकावर कधीच सोडू नये. ज्या चौघांना कळलं त्यांच्यासाठी तो ग्लास सरळ सिनेमाच्या पॉपकॉर्नचा होता.

हा वास डायॲसिटिलचा. यीस्ट वाढताना व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवतं, आणि त्या वाटेवर अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ पेशीतून बाहेर झिरपतो. त्याला वास नसतो. बियरमध्ये त्याचं हळूहळू डायॲसिटिल होतं, उबेत भराभर आणि 1 अंशावर जवळपास थांबल्यासारखं. यीस्ट जागं असेल तर ते तयार झालेलं डायॲसिटिल परत शोषून निर्धोक पदार्थांत बदलतं. म्हणून आंबवण संपत आल्यावर टाकी दोन-तीन दिवस 14-16 अंशांवर ठेवतात. इथे ती पायरी गाळून थेट थंड केलं गेलं. यीस्ट तळाशी बसलं आणि वास नसलेला कच्चा माल बियरमध्येच राहिला. थंड बियर चाखून तो पकडता येत नाही. केग उन्हात, बाहेरच्या लग्नाच्या हॉलवर, एखाद्या मंडपामागे पडला की मात्र नागपूरचं ऊन आमच्या 65 अंशांच्या पाण्याचं काम सावकाश पूर्ण करतं, आणि तेव्हा तो पिणाऱ्याच्या ग्लासात असतो.

ब्रूअर म्हणाला, “भाऊ, हे कॅरॅमल नाही का? कॅराम्युनिक घातलंय ना.” प्रश्न योग्यच होता. फिकट लागरमध्ये लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास डायॲसिटिल असलं की सरावलेल्या नाकाला कळतं. डॉपेलबॉकमध्ये माल्टचाच वास इतका दाट असतो की त्यापेक्षा जास्त असूनही ते टॉफीचा भास देत लपून राहतं. फरक ओळखायची माझी रीत अशी: माल्टचा भाजका गोडवा तोंडात, गिळताना वाढतो. डायॲसिटिल ओठ लागण्याआधीच नाकात येतं आणि गिळल्यावर निसरडेपणा मागे ठेवतं. शंका उरली तर वाद घालत बसायचं नाही, बरणी गरम करायची.

कारण नोंदवहीतच होतं. 500 लिटरला यीस्टचं 500 ग्रॅमचं एकच पाकीट घातलं होतं, म्हणजे हेक्टोलिटरला 100 ग्रॅम. 12 प्लेटोच्या लागरला, 13-14 अंशांवर, ते पुरतं. 18.5 प्लेटो आणि 10 अंश, तर निदान दुप्पट लागतं. पेशींच्या भाषेत प्रत्येक मिलिलिटरमागे, प्रत्येक प्लेटोमागे 15 लाख, म्हणजे मिलिलिटरला सुमारे पावणेतीन कोटी. कमी यीस्टला जास्त वेळा दुणावावं लागतं, त्यात अल्फा-ॲसिटोलॅक्टेट जास्त झिरपतं, आणि अल्कोहोल 7 टक्क्यांवर गेल्यावर ते थकून लवकर बसतं. त्यातच टाकी लवकर मोकळी करायची घाई झाली.

संध्याकाळचा कार्यक्रम रद्द झाला. मालकानं तो निर्णय तिथल्या तिथे घेतला, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. छापलेले मेन्यू, सांगून ठेवलेली माणसं, सगळं असताना हे सोपं नसतं.

दुरुस्तीला जिवंत यीस्ट हवं होतं. कोरडं यीस्ट थेट 7 टक्के अल्कोहोलमध्ये टाकलं तर बहुतांश मरतं. शेजारच्या टाकीत 12 प्लेटोची हेलेस ही फिकट लागर भर जोमात आंबत होती, त्यातली बियर वापरायची. जर्मनीत याला क्रॉइझन म्हणतात. सहसा 10 टक्के घालतात, पण 50 लिटर घातलं असतं तर मिश्रणाचा मूळ अर्क 17.9 वर आला असता आणि ही बियर डॉपेलबॉकच राहिली नसती. 30 लिटरवर तो 18.1 राहतो, म्हणून 30 लिटर. आधी टाकी थंड ठेवणारं ग्लायकॉल बंद करून टाकीभोवतीच्या जॅकेटमधून 25 अंशांचं पाणी फिरवलं आणि टाकी सावकाश 15 वर आणली. थंड बियरमध्ये क्रॉइझन ओतलं तर यीस्ट धक्क्यानं बसतं. होजमधली हवा कार्बन डायऑक्साइडनं काढली, कारण या टप्प्याला शिरलेला ऑक्सिजन पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास देतो. टाकीचा दाब आधी हळू उतरवला, नाहीतर ओतताना फेस व्हॉल्व्हमधून बाहेर येतो. मग तळाच्या पोर्टमधून क्रॉइझन आत ढकललं.

त्यानंतर रोज सकाळी दोन बरण्या. वाचन 5.6 वरून खाली येत 4.8 ला टेकलं. गरम बरणीतला वास आधी थोडा वाढल्यासारखा वाटला, मग उतरत गेला. सलग दोन दिवस तिन्ही ग्लास कुणालाच वेगळे ओळखता आले नाहीत, तेव्हाच थंड करायला घेतलं. दिवसाला 2 अंश, पार 1 पर्यंत. मग 4 आठवडे तिथेच. डॉपेलबॉकला खरं तर याहून जास्त मुक्काम मानवतो. अल्कोहोलची धार त्यातच बोथट होते.

टॅपला लागली तेव्हा एप्रिलचा मध्य उलटला होता. खजूर आणि पावाची कड आता वेगवेगळी ओळखू येत होती, शेवट कोरडा, टाळू स्वच्छ. टॉफी गेली तशी बियर जास्त गडद वासाची वाटली, कारण लोण्यानं झाकलेला भाजका माल्ट मोकळा झाला होता.

ओतायचं प्रमाण 200 मिली ठेवलं, ग्लास 8 ते 10 अंशांवर, फ्रीझरमध्ये गोठवलेला अजिबात नाही. मेन्यूवर तिच्याशेजारी सावजी मटण छापलेलं होतं, ते काढायला सांगितलं. तिखटाची आग ज्या मज्जातंतूंतून कळते त्यांना अल्कोहोल आणखी हळवं करतं, आणि साडेसात टक्क्यांसोबत सावजीत ना माल्ट कळत ना मसाला. त्या जागी भाजलेले काजू, जुनं चीज आणि संत्र्याची बर्फी आली. बर्फी मी सुचवली होती. संत्र्याचा आंबूसपणा मनुकेच्या वासाला चांगला उचलून धरतो. पुढच्या खेपेच्या पानावर ब्रूअरनं यीस्टच्या रकान्यात 1 किलो लिहिलं आहे, आणि थंड करण्याच्या रकान्याआधी बरणीच्या चाचणीचा नवा रकाना आखला आहे.