हिरव्या टोपणाची नळी

आमच्या विषाणू तपासणीच्या प्रयोगशाळेत आज आलेल्या पेटीतले दोन नमुने नाकारावे लागले. वाईट वाटतं, कारण पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागणार.

पहिलं रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत होतं. तिच्यातलं हेपरिन (रक्त साकळू न देणारं रसायन) पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीतल्या एन्झाइमला अडवतं, मग विषाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. व्हायरल लोडसाठी (रक्तात विषाणू किती आहे ते मोजायला) जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी घ्या (ईडीटीए हेही रक्त साकळू न देणारं रसायन), खुणेपर्यंत भरा, ८ ते १० वेळा हळूच उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका, पेशी फुटतात.

दुसरी नळी थेट बर्फाच्या पॅकला चिकटून गोठली होती. रक्त असं बर्फासारखं गोठलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातलं हीमही (लोह असलेला लाल घटक) पीसीआर बिघडवतं. गोव्यात काणकोणहून बांबोळीच्या आमच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात, त्यात मे महिन्याचा उकाडा, पॅक हवेतच; पण नळी आणि पॅक यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा थर्माकोल ठेवा. आधी प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव भाग) वेगळा केला तर उत्तम, तो गोठवता येतो. त्याचे छोटे भाग करून ठेवा, वारंवार वितळवून गोठवलं की आरएनए (विषाणूचा जनुकीय पदार्थ) तुटतो.

घशाचा स्वॅब व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) २ ते ८ अंशांवर साधारण ७२ तास टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० हवं. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर नकोच, त्याचं तापमान सतत वर-खाली होतं.

पाठीतून काढलेल्या पाण्याबाबत तर दुप्पट काळजी घ्या. ते पुन्हा काढणं पेशंटला फार जड जातं. आणि लेबल नळीवर लावा, टोपणावर नव्हे.