तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडं जास्त देतात, पोराला जाऊ दे का?

‘सर, पोराला दुसरी टीम जास्त पैसे द्याय लागलीया. जाऊ दे का? तुम्ही चर्चला जाणारी माणसं, तुम्हाला काय वाटतंय?’

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला आणि खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस सुरू झाले की हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मी सकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो, म्हणून बाप माझ्याकडं येतो. यंदा आलेले गृहस्थ रिक्षा चालवतात. हा ख्रिस्ती माणूस, आहे त्यात समाधान माना असंच सांगणार, हे त्यांनी येतानाच धरलं होतं. मी तसं सांगत नाही. त्यामागं माझा गुडघा आहे आणि माझी आई आहे.

मी पंचविशीत असताना कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायचो. शाहू स्टेडियमवर आमची मॅच असली की गल्लीतली दुकानं लवकर बंद व्हायची. त्या काळात दुसऱ्या एका संघानं मला तिप्पट पैसे देऊ केले. निम्मे आधी, निम्मे हंगाम संपल्यावर. मी गेलो. पाचव्या सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. हंगाम संपल्यावर उरलेले पैसे मागायला कुबडी घेऊन गेलो, तर उत्तर मिळालं, ‘तू खेळलास कुठं?’

त्याच आठवड्यात ओळखीचे एक वडीलधारे ख्रिस्ती गृहस्थ भेटायला आले. त्यांनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातला चौथा अध्याय काढला. कुठल्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय, असं ते पत्र लिहिणारा पौल तिथं म्हणतो. ‘समाधान मान,’ एवढं बोलून ते चहा पिऊन गेले. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिनं पिठाचे हात पुसले, माझ्याच मांडीवरचं बायबल उचललं आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून माझ्यापुढं ठेवला. शेत कापणाऱ्या मजुरांची मजुरी तुम्ही अडवून ठेवलीत, ती ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय, असं तिथं लिहिलंय. आई म्हणाली, ‘समाधान तू मानायचं. पैसे त्यांनी द्यायचे. ह्या दोन गोष्टींची गल्लत करू नको.’

तेव्हापासून मी हे धरून आहे. समाधान ज्याचं त्यानं शिकायचं असतं. ज्याच्या हातात पैशाचं पाकीट आहे, त्यानं ते दुसऱ्याला शिकवू नये. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, हे खुद्द येशूचे शब्द आहेत. पैसा हेच सगळ्या पापाचं मूळ, असं बायबलच्या नावावर लोक सर्रास सांगतात. पण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात द्रव्याचा लोभ असा शब्द आहे, आणि लोभ रिकाम्या खिशातही मावतो.

फिलिप्पैच्या त्या अध्यायाबद्दल आणखी एक सांगायचंय, कारण खेळाडूंना त्यातलं तेरावं वचन फार आवडतं. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करायला शक्तिमान आहे, असं ते वचन. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू स्टीफन करी याच्या बुटांवरही ते असतं. आमची पोरं मोबाईलच्या कव्हरवर लावतात आणि त्याचा अर्थ घेतात की मॅच आपणच मारणार. वरची दोन वचनं वाचली की कळतं, पौल भूक आणि भरलेलं पोट, टंचाई आणि रेलचेल यांच्याबद्दल बोलतोय. दोन्हींत कसं राहायचं ते तो शिकलाय. त्यातही, बेड्यांत असताना लिहिलेलं हे पत्र म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती जी मदत पाठवली होती, तिची पोच आहे. मिळालं, भरपूर मिळालं, असं तो मोकळेपणानं लिहितो. समाधानी माणूस पैसे घेतो आणि आभारही मानतो.

मग समाधान बिघडतं कुठं? माझं बिघडलं ते गॅलरीत. सात महिने मी पायरीवर बसून मॅच बघितल्या. माझ्या जागी आलेला मुलगा माझा मित्र होता. त्याचा पास चुकला की मला आतून बरं वाटायचं. त्याला किती दिलेत, हे मी तिघांकडून काढून घेतलं होतं. माझे पैसे बुडाल्याचं दुःख होतंच, पण त्याला माझ्यापेक्षा जास्त मिळाले हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्यातले मजूर आहेत. पहाटेपासून राबलेल्यांना ठरलेला एक दिनार मिळतो, पण शेवटच्या तासाला आलेल्यालाही तेवढाच दिलेला बघून ते कुरकुरतात. ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ‘त्याला किती?’ एवढ्या दोन शब्दांवर मी चांगल्या टीम फुटलेल्या बघितल्यात.

ख्रिस्ती मंडळी अशा वेळी मोठी नावं सांगतात. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल रविवारी धावायचं नाही म्हणून १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरमधून बाजूला झाला, ४०० मीटर जिंकला आणि पुढच्याच वर्षी चीनला मिशनरी म्हणून गेला. इंग्लंडचा क्रिकेटपटू सी. टी. स्टड १८८२च्या ओव्हलच्या कसोटीत खेळला आणि पुढं वारशाची सगळी रक्कम देऊन टाकली. मला दोघांबद्दल आदर आहे. पण स्टडकडं द्यायला वारसा होता, रिक्षावाल्याच्या पोराकडं तो नाही. त्याला मी बायबलच्या नीतिसूत्रांतली आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना देतो: गरिबी नको, श्रीमंती नको, गरजेपुरतं अन्न दे. गरिबी नको असं मागायलाही तिथं मोकळीक आहे, म्हणून मला ती प्रार्थना प्रामाणिक वाटते.

आणि आपल्या गावातलं उदाहरण लांब नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि इथं कुस्त्या लढून त्यांनी ते कर्ज फेडलं. पैसा त्या गोष्टीत पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, आणि तो दोघांच्याही हातात स्वच्छ राहिलाय.

तर त्या रिक्षावाल्या बापाला मी म्हटलं, जाऊ दे. रक्कम आणि तारखा कागदावर घ्या, दुखापत झाली तर खर्च कोण करणार तेही लिहून घ्या. पोराला सांगा, जुन्या तालमीच्या कोचला आधी स्वतः जाऊन भेट, त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नको. आणि दुसऱ्याला किती मिळाले ते घरात काढू नका, जेवताना तर नकोच.

पोरगं गेलं. कोचला भेटूनच गेलं. त्यांचा मला फोन आला होता. नव्या संघात अजून त्याला पहिल्या अकरात जागा मिळालेली नाही. रोज पावणेसहाला सायकलवरून आमच्या मैदानावर येतं आणि बारा वर्षांखालच्या पोरांना गोलसमोर बॉल टाकून देतं.