सफरचंद नव्हतंच ते

काल रात्री बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, आदाम आणि हव्वा मनाई केलेलं फळ खातात तो, परत काढला आणि यावेळी मुद्दाम 'पाप' शब्द कुठे येतो ते शोधत बसलो, तर मूळ हिब्रूत तो अख्ख्या अध्यायात नाहीच! सफरचंद पण नाही, नुसतं फळ (लॅटिनमध्ये वाईट आणि सफरचंद दोन्हीला 'मालुम' म्हणतात, त्या गमतीतून चिकटलं असावं). पाप पहिल्यांदा येतं ते चौथ्या अध्यायात, देव आदामाच्या मुलाला, काईनाला, सांगतो की ते दाराशी टपून बसलंय.

मग आदिपाप, म्हणजे आदामाचं पाप जन्मतःच आपल्या सगळ्यांना लागतं ही कल्पना, आली कुठून? येशूचा प्रेषित पौल याने बायबलातल्या रोमकरांस पत्रात लिहिलंय की एका माणसामुळे पाप जगात आलं, पापामुळे मरण, आणि मरण सगळ्यांवर पसरलं कारण सगळ्यांनी पाप केलं. आता ग्रीकमधलं हे 'कारण' लॅटिनमध्ये जाताना 'ज्याच्यात' असं झालं, म्हणजे आदामातच आपण सगळ्यांनी पाप केलं, आणि आदिपापाची शिकवण मांडणारा धर्मपंडित ऑगस्टीन वाचायचा लॅटिन. सगळं त्या एका शब्दावरच उभंय असं नाही हां, तान्ह्या बाळाला पापक्षमेचा बाप्तिस्मा देता तर त्याचं पाप कुठलं, हाही त्याचा सवाल होता आणि तो तगडा आहे. समोर त्याचा विरोधक, धर्मशिक्षक पेलागियस, त्याचं म्हणणं आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, बस, बाकी ज्याचं पाप त्याच्या माथी. ४१८ साली कार्थेजच्या चर्च-परिषदेने पेलागियसच्या मतांना धुडकावून लावलं.

पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स चर्चवाले म्हणतात वारशात मरण येतं, बिघडलेला स्वभाव येतो, पण आदामाचा गुन्हा येत नाही. मला हेच पटतं. बापाच्या कर्जापायी पोराचे हाल होतात, पण म्हणून कागदावरची सही पोराची होत नाही ना.

आणि तो बिघडलेला स्वभाव म्हणजे काय हे बघायचं तर फळ खाल्ल्यानंतरचं वाचा. देव विचारतो, खाल्लंस का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर होतं. आदाम म्हणतो, तू जी बाई सोबतीला दिलीस ना, तिने दिलं. एका दमात बायकोवर पण ढकललं आणि देवावर पण! बाई सापाकडे बोट दाखवते. सापाला तर कोणी विचारतच नाही.

परवा माझ्या हातून कप फुटला आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "इथे कोणी ठेवला हा?"

घरात मी एकटाच होतो.