आमची वाटचाल : माळ, ओढा आणि एक लेव्हल बुक

आमच्या कार्यालयात आजही पहिली डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीचे उंच-सखल मोजणारी दुर्बीण, तिच्या लाकडी तिपाईसह जपून ठेवली आहे. आता टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजणी होते; परंतु बुडबुडा मध्यावर आणून, उन्हात स्टाफवरचा, म्हणजे उभ्या मोजपट्टीवरचा, आकडा वाचून तो वहीत उतरवण्याची सवय याच यंत्राने आम्हांला लावली आणि पुढे त्या वहीनेच, म्हणजे लेव्हल बुकानेच, आमची रस्ते-भरावाची कामे करणारी पेढी वाचवली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील शेडांचे जोते आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील अंतर्गत रस्ते करीत आमची बरीच वर्षे गेली. त्यानंतर कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीपलीकडे साठ एकरांचा माळ कारखान्यासाठी विकसित करण्याचे काम मिळाले. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला काळी माती आणि मधून ओढा, अशी ती जागा होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती काढून आठ-नऊ इंचांच्या थरांनी मुरूम भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा आणि ओढ्यावर 900 मिमी व्यासाच्या ह्यूम पाइपांच्या (काँक्रीटच्या नळांच्या) तीन ओळींची मोरी बांधावी, असे आम्ही सुचवले होते.

मात्र एका स्पर्धकाने कमी दर देऊन खालचा अर्धा भाग मिळवला. त्याने काळ्या मातीवरच भराव टाकला आणि तीनऐवजी एकच पाइप, तोही ओढ्याच्या तळापासून दीड फूट उंच बसवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, त्याच दिवसांत ओढा तुंबून आमच्या भागात शिरला. नवे रस्ते उखडले आणि दोष आमच्या माथी मारून आमची तीन रनिंग बिले, म्हणजे झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याने दिलेली बिले, थोपवण्यात आली. चालकांचे पगार थकले, पत्नीचे दागिने पतसंस्थेत तारण गेले आणि रोलर विकायला गिऱ्हाईकही ठरले.

त्या वेळी आमचे सर्वांत जुने ग्राहक, उद्यमनगरातील एक फौंड्रीमालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, स्वतः घरी आले. "रोलर विकू नगंस. नव्या भट्टीचा पाया तूच घालायचास," एवढेच बोलून त्यांनी इंडक्शन फर्नेसच्या कामाची आगाऊ रक्कम पुढे ठेवली. ते उपकार आम्ही विसरलेलो नाही.

विहिरीच्या दगडी कठड्यावरील लाल खुणेपासून काम सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या ओढ्याच्या सर्व पातळ्या आमच्या लेव्हल बुकात होत्या. कारखाना काढणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने त्याच खुणेवरून पुन्हा मोजल्या, तेव्हा चूक कोणाची हे उघड झाले. माळावर कारखाना काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे, की सातबारा स्वच्छ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. गावनकाशावर ओढा व पाणंद शोधावी आणि भर पावसात एकदा जागेवर चालत जावे. नव्या भरावावर एक पावसाळा गेल्याशिवाय फरशीचे काँक्रीट करू नये.

पुढील टप्प्याचे काम आम्हांलाच मिळाले आणि तो उंच पाइप आम्हीच उपसून काढला. 2021 च्या जुलैमध्ये महामार्ग पुन्हा बंद पडला, तेव्हा तिन्ही पाइपांतून ओढा वाहत होता आणि शेडच्या जोत्याला पाणी लागले नाही. थोपवलेल्या बिलांपैकी निम्मी रक्कम मात्र आजतागायत आलेली नाही.