चाळणीत गेलेली झाडं

वनरक्षकाचा फोन आला तेव्हा तो उभा होता त्याच जंगलाच्या तुकड्याचा, उपग्रहाच्या दृश्यांवरून बनवलेला नकाशा माझ्या पडद्यावर होता. हिरवागार. "मॅडम, इथे तोडलेल्या झाडांची सतरा थुटं मोजली. फार जुनी नाहीत. तुमच्याकडे काही दिसतंय का?"

दिसत नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी त्या तुकड्यासमोर 'बदल नाही' असं मीच लिहिलं होतं.

उपग्रहाला झाड न् झाड दिसतं, असं लोकांना वाटतं. आम्ही वापरतो त्या सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा सर्वांत बारीक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटरचा. मोठ्या झाडाचा विस्तार जेमतेम तेवढा, तोही बहुधा तीन-चार पिक्सेलांत विभागलेला. झाड पडलं की ते सगळे थोडेथोडे फिके होतात, एवढंच. वर मोकळं झालं की खालची झुडपं उजेडाला फोफावतात आणि एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, पुन्हा चढतो. त्याला हिरवेपणा कळतो. जुनं झाड आणि घाणेरी यांतला फरक कळत नाही.

रात्री मी तयार नकाशा बाजूला ठेवून मूळ दृश्यं तारखेवार उघडली. दर 5 दिवसांनी दृश्य मिळतं, पण त्या महिन्यात ढगांतून तीनच तारखा वाचल्या होत्या. मधल्या तारखेला ठिपके होते. सुटे, एकेक-दोन पिक्सेलांचे, लघुतरंग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यात उजळ. तो पट्टा 20 मीटरचा, त्यामुळे पुसट, पण होते. एकवीस मोजले.

उपग्रहानं पाहिलं होतं. पुसलं आम्ही. नकाशासाठी तीन तारखांचा मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढला की मधला खड्डा बुजतो. त्यातूनही काही उरलंच, तर अर्ध्या हेक्टरपेक्षा, म्हणजे 50 पिक्सेलांपेक्षा लहान तुकडा गोंगाट समजून चाळणीत जातो. अर्धा हेक्टर ही एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, व्याख्येत 'जंगल' कशाला म्हणायचं याची मर्यादा आहे. तोड किती मोठी असली म्हणजे मोजायची, याची नव्हे. आमच्याकडे ती सरसकट उचलली गेली. चाळणी काढली तर ढगांच्या सावल्या, पानगळ, दृश्यांची किंचित सरकण, सगळेच इशारे बनून येतात, हे मला मान्य आहे. पण मग अचूकतेचा आकडा घसरतो, आणि वरिष्ठांची खरी हरकत तिथेच असते.

एकवीस ठिपक्यांचे अक्षांश-रेखांश मी वनरक्षकाला पाठवले. त्याच्या मोजणीत नसलेल्या चार जागी तो पुन्हा गेला. तीन ठिकाणी थुटं सापडली, चौथ्या ठिकाणी वाऱ्यानं उन्मळलेलं झाड.

'बदल नाही' ही नोंद अजून तशीच आहे. दुरुस्तीच्या अर्जात क्षेत्राचा रकाना आहे, आणि तो अर्ध्या हेक्टरच्या खालचा आकडा घेत नाही.