बिनसाखरेचं बेकन, मुक्काम नागपूर

बेकनमध्ये साखर असते हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. डुकराचं खारवलेलं मांस, त्याला धुरी दिलेली, तव्यावर टाकलं की कुरकुरीत होतं. यात साखरेचं काय काम? पण नागपूरच्या सदर, मोहन नगर आणि धरमपेठ या भागांतल्या दुकानांच्या फ्रीजरमधून हात गोठेस्तोवर जी जी पाकिटं काढून वाचली, त्या प्रत्येकावर ती होती. कुठे सरळ ‘साखर’, कुठे डेक्स्ट्रोज (तीही साखरच), कुठे तिचं भावंड माल्टोडेक्स्ट्रिन. एका पाकिटावर तर साखर आणि डेक्स्ट्रोज दोन्ही शेजारी शेजारी बसलेले.

आता मला बिनसाखरेचंच का हवं होतं, ते सांगते. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने होल थर्टी नावाचा आहार केला आणि तिला बरं वाटलं, म्हणून मीही धरला. 2009 साली अमेरिकेत मेलिसा आणि डॅलस हार्टविग या जोडप्याने तो सुरू केला. नियम सोपा आणि खडूस आहे. 30 दिवस वरून घातलेली साखर नाही, दारू नाही, धान्य नाही, कडधान्य नाही, दूधदुभतं नाही. गूळ आणि मधसुद्धा साखरेतच मोजायचे. राहतं काय, तर मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं आणि सुकामेवा, त्यातूनही शेंगदाणा वगळलेला, कारण तो शेंगेतला.

नागपूरच्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो बघा. तर्री पोहे बाद, दोन्ही बाजूंनी; पोहे धान्य आणि तर्रीतले चणे कडधान्य. झुणका बाद, पाटोडी बाद, सांबारवडी बाद, वडाभात तर वडा आणि भात दोन्हींसकट बाद. बेसन काढून घेतलं की आमच्या सकाळीत उरतं काय? दोनच गोष्टींनी मला तारलं. एक म्हणजे तूप. दूधदुभत्याला बंदी असली तरी कढवलेल्या तुपाला पहिल्यापासून सूट आहे. दुसरे आलू, त्यांना 2014 पासून परवानगी मिळाली. शिवाय संत्री. पण रोज सकाळी आलू-अंडी, अंडी-आलू, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरवलेला, असं चालू राहिलं की अंड्याचा वास आला तरी पोटात गोळा येतो. इंटरनेटवर हा आहार करणाऱ्या अमेरिकन बायकांच्या ताटात मात्र अंड्याशेजारी बेकनच्या दोन पट्ट्या दिसायच्या. बेकन चालतं, एका अटीवर: साखर नको.

माहेरी, नागपूरच्या महाल भागात, बेकन सोडा, पोर्कचं नावही निघायचं नाही. सासर मोहन नगरचं, ख्रिस्ती. इथे नाताळला पोर्क झाल्याशिवाय सण होत नाही, त्यामुळे घरात कोणी नाक मुरडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न फक्त त्या साखरेचा होता.

नवरा म्हणाला, "किती असते गं ती साखर?" त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात. बेकनवर साखर मिठाच्या नंतर येते, आणि मीठच जेमतेम दोन-तीन टक्के असतं. माझ्या हातात होतं त्या पाकिटावर 100 ग्रॅमला एक ग्रॅम साखर छापलेली. दोन पट्ट्या खाल्ल्या तर पोटात किती जाईल? अर्धा ग्रॅमही नाही. चहाच्या एका चमच्यात चार ग्रॅम असते. गणिताच्या दृष्टीने हा नियम हास्यास्पद आहे, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं आणि आजही करते.

पण मी पोटापाण्यासाठी लोकांची जीएसटीची रिटर्न भरते. ‘एवढ्याने काय होतं मॅडम’ हे वाक्य मी दर महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास इतक्या वेळा ऐकते की ते स्वतःच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. नियम पाळायचा तर पूर्ण, नाहीतर सरळ सांगायचं की मला पाळायचा नाही.

(याच नियमात एक गंमत सापडली. अमेरिकेत आयोडीनयुक्त मिठातही किंचित डेक्स्ट्रोज घालतात, कारण तिथलं पोटॅशियम आयोडाइड त्याशिवाय टिकत नाही. म्हणून या आहारात त्या मिठाला खास सवलत द्यावी लागली. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, ते मुळातच टिकाऊ, त्याला साखरेचा आधार लागत नाही. म्हणजे मिठाच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा कडक.)

दुकानदारांना विचारून बघितलं. सदरमधल्या एका जुन्या कोल्ड स्टोरेजवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. "बिनसाखरेचं? ताई, लोकं गोडसर पायजे म्हनून मागून राहिले अन् तुम्ही बिनसाखरेचं म्हनून राहिल्या!" त्यांनीच मग सांगितलं की पूर्वी त्यांच्याकडे बोरिवलीहून मॅफ्कोचा माल यायचा. हे ऐकून मी उडालेच. माझ्या डोक्यात मॅफ्को म्हणजे मटार. पण या सरकारी महामंडळाचा बोरिवलीला खरंच बेकनचा कारखाना होता. ऑनलाइन मागवावं म्हटलं तर एका विक्रेत्याच्या साइटने आमचा पिनकोड बघूनच हात वर केले. दुसऱ्याला फोन लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, शुगर तर फक्त क्युअरिंगसाठी असते." जणू क्युअरिंगसाठी, म्हणजे मांस खारवून मुरवायला, घातलेली पोटात जात नाही. अमेरिकेत पेडरसन्ससारख्या कंपन्या खास बिनसाखरेचं बेकन विकतात, पण ते टेक्सासचं. ते वर्धा रोडवर कुठून मिळणार?

तेव्हा मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं की ही साखर घालतात तरी कशाला. वाचलं, आणि उत्तर पटण्यासारखं निघालं. मांस टिकवायचं काम मीठ करतं. पण मीठ मांसाला कडक करतं आणि नुसतं खारट जिभेला टोचतं. साखर तो टोच मोडते, थोडा ओलावा धरते, आणि तव्यावर पट्टीला लवकर तांबूस रंग चढवते. बेकन चटकन करपतं, तेही बऱ्याच अंशी त्या साखरेमुळे. थोडक्यात, साखर चवीसाठी आणि दिसण्यासाठी असते. ती काढली तर बेकन खराब होत नाही. गुलाबी रंग आणि तो ओळखीचा वास येतो तो सोडियम नायट्राइटमुळे. पाकिटावर 250 हा आकडा दिसतो तो त्याचाच. नायट्राइट बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूलाही रोखतं, म्हणून मंद धुरात तासन्‌तास ठेवायच्या मांसात त्याला महत्त्व आहे. अमेरिकेत ‘अनक्युअर्ड’, म्हणजे वेगळं नायट्राइट न घातलेलं, म्हणून महागात विकतात त्या बेकनमध्ये बऱ्याचदा सेलरी या भाजीची पूड असते, आणि तिच्यातूनही शेवटी नायट्राइटच येतं. हे वाचून मला आपल्याकडच्या काही ‘शुद्ध’ पाट्या आठवल्या.

हे सगळं मी जेवताना मोठ्याने सांगत होते. सासूबाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "अगं, मग मिठाचं मटण कर ना. आमची आई करायची." त्यांचे वडील बंगाल नागपूर रेल्वेत, मोतीबागेला. शेजारी अँग्लो-इंडियन गार्ड आणि ड्रायव्हरांची कुटुंबं. नाताळच्या आधी डुकराच्या पोटाकडचा चरबीचा तुकडा मीठ-मिरी चोळून मातीच्या बरणीत दाबून ठेवायचे, वरून दगड. साखर? "साखर रेशनवर मिळायची बाई. ती मटणाला चोळायला कोण देतं?"

मांस आणायला आई, म्हणजे सासूबाई, सोबत आल्या म्हणून बरं झालं. मंगळवारी बाजार भागातल्या ज्या पोर्कवाल्याकडे त्या वर्षानुवर्षं जातात, तो मांस लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून सवयीने खटाखट तुकडे पाडायला लागला होता. मी एकटी असते तर हातात रश्श्याचे तुकडे घेऊन परत आले असते. आईंनी हात आडवा धरला. "थांब रे बाबू. तोडू नको. पोटाचा अख्खा पट्टा दे, हाडं काढून." तो म्हणाला, "कातडी राहू द्यू का काढू?" काढायला सांगितली. आपल्याकडे केस जाळण्यासाठी कातडी जाळावर भाजलेली असते, तिचा वास काहींना आवडतो. मला फक्त चरबी आणि मांसाचे थर हवे होते. आमच्याकडचं गावठी डुक्कर अंगाने सडसडीत, त्यामुळे थर पातळ निघाले, इंटरनेटवरच्या फोटोंसारखे जाडजूड नाहीत.

कृती सांगण्यासारखी आहे, फार नाही. मांस कोरडं पुसायचं, वजन करायचं, किलोला 30 ग्रॅम मीठ घ्यायचं. मीठ अंदाजाने घेऊ नका, वजनकाट्यावरच घ्या. भरडलेली काळी मिरी, चुरडलेलं तमालपत्र, दोन लवंगा. सगळं चोळून तोंड बंद होणाऱ्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं. रोज एकदा पिशवी उलटायची. दुसऱ्याच दिवशी पाणी सुटतं, सुटू द्यायचं. आठवडाभराने काढायचं, धुवायचं, पुसायचं आणि एक रात्र उघडंच फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे वरून कोरडं होतं. कापण्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलं तर पातळ पट्ट्या निघतात, नाहीतर चरबी सुरीखाली सरकते.

आईंचा एकच आग्रह होता, बरणी बाहेर ठेवू. मी ऐकलं नाही. त्यांच्या आईने केलं ते डिसेंबरात केलं. मी हे करत होते एप्रिलमध्ये, जेव्हा नागपूरचा पारा 42-43 वर असतो आणि दुपारी गच्चीवर ठेवलेला पापड तासाभरात वाळतो. बिननायट्राइटचं मांस त्या हवेत ठेवणं म्हणजे आजाराला आवतण. धुरीही त्याच कारणाने दिली नाही. आणि पोर्क म्हटल्यावर एक गोष्ट माझ्यासाठी अजिबात वाटाघाटीची नाही: ते पूर्ण शिजलं पाहिजे. कच्च्या राहिलेल्या मांसातून फीतकृमीचा धोका असतो. म्हणून पट्ट्या थंड तव्यावर टाकायच्या, मग गॅस लावायचा, मंद आचेवर चरबी सुटू द्यायची आणि शेवटी आच वाढवायची.

रंग गुलाबी आला नाही. करडा-तपकिरी, मटणासारखा. धुराचा वास अर्थातच नाही. पाकिटातल्या बेकनची सवय असलेला माणूस पहिल्या घासाला थबकेल. पण साखर नसल्यामुळे ते तव्यावर काळं पडत नाही, चरबी शेवटपर्यंत स्वच्छ राहते, आणि चव मांसाची येते. त्याच चरबीत मी आलू परतले, वरून सांबार आणि हिरवी मिरची. आईंनी उरलेल्या चरबीत भरताचं वांगं फोडणीला टाकलं. खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं तेच झालं होतं.

एक शंका मात्र मला पूर्ण वेळ टोचत होती. ‘होल फूड’, म्हणजे विनाप्रक्रियेचं अन्न, म्हणवणाऱ्या आहारात बेकन बसतंच कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. खारवलेलं मांस त्या व्याख्येत येतं, मग ते घरी केलेलं असो की कारखान्यात. ज्या आहाराला अर्धा ग्रॅम साखर खुपते त्याला हे खुपत नाही, हे मला विचित्र वाटतं, आणि त्याचं समाधानकारक उत्तर त्या पुस्तकी नियमांत मला सापडलं नाही. मी माझ्यापुरता मार्ग काढला: बेकन ताटात लोणच्यासारखं. रविवारी, दोन पट्ट्या, बारीक चिरून भाजीवर. रोज अंड्याच्या शेजारी नाही.

30 दिवस संपून बरेच दिवस झाले. चहात साखर परतली, तर्री पोहेही परतले, अगदी पहिल्याच सकाळी. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातली पिशवी मात्र परत परत भरली जाते. सासरे पहिल्यापासून म्हणतात की खारट झालंय आणि चमचाभर गूळ चोळला असता तर बिघडलं नसतं. गूळ मी चोळणार नाही. पण खारट झालंय हे खरं आहे, तेव्हा पुढच्या पट्ट्याला मीठ किलोला 25 ग्रॅम.